मी, पिशवीच्या तोंडाशी उगवलेला कोंब

मी कोण ते सांगितलं की बायका पदर तोंडाला लावतील आणि बाप्ये काहीतरी काम आठवून उठून जातील. तरी सांगतो. मी एक कोंब आहे. भाताचा नाही, आंब्याचा नाही, मांसाचा. रेश्मा नावाच्या एका बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी मी उगवलो. डॉक्टर लोक मला पॉलिप म्हणतात. हे नाव मला फार उशिरा कळलं. त्याआधी मला नावच नव्हतं, कारण मी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

दिसायला मी चिंचोक्याएवढा, लालभडक आणि मऊ. बारीकशा देठाला लोंबत असायचो. मला डोळे नाहीत, हाड नाही. कानही नाहीत, पण रेश्माच्या अंगातच राहत असल्यामुळं तिला जे दिसे, ऐकू येई ते मलाही कळे. तिचं काळीज धडधडलं की माझा देठ थरथरायचा. ती हसली की मी हिंदकळायचो. सुरवातीला ती पुष्कळ हसायची. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला ते खरं वाटायचं नाही.

आरोही ही रेश्माची मुलगी. माझा जन्म आरोहीच्या नंतरचा. ती ज्या वाटेनं जगात आली त्याच वाटेच्या उंबऱ्यावर मी उगवलो. ती आली तेव्हा पेढे वाटले. बारशाला घोटावड्याहून रेश्माच्या माहेरची माणसं टेम्पो भरून आली. मी आलो तेव्हा कुणी मान वळवून पाहिलं नाही. मी का उगवलो म्हणाल तर ते मला ठाऊक नाही. पुढं डॉक्टरीणबाईंनासुद्धा ते नीट सांगता आलं नाही. "होतो कधीकधी," एवढंच म्हणाल्या.

रेश्माचं सासर मालेगावात नव्हे हं, माल्यात. पौडवरून मुळशीकडं निघालं की लागतं ते माले. घरामागं भाताची खाचरं. घरात सासरे कुशाबा, सासू सगुणाबाई आणि नवरा अमोल. अमोल पिरंगुटला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. आणि घरात वाघजाईचा टाक, कुशाबाच्या आज्यापासूनचा. त्या देवीचं फार कडक असं सगळे म्हणायचे. म्हणून घरातल्या बाईला पाळी आली की तिनं मागच्या पडवीत बसायचं. वेगळी गोधडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कुणाला शिवायचं नाही. गावात पुष्कळ घरांतून हे आता सुटलंय, पण या घरात देवीमुळं चालू होतं. रेश्मालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट ती म्हणायची, तेवढीच पाठ टेकायला मिळते.

आता माझा स्वभाव सांगतो. मी लई नाजूक. जरा काही लागलं की मला रक्त येतं. नवराबायकोची जवळीक झाली की यायचं. कधी उगीचच यायचं. थोडंसंच, पण यायचं. त्याला तिथीवार नसायचा.

पहिल्यांदा आलं तेव्हा रेश्मा भाकरी थापत होती.

"आत्या, मी बाहेरची झाले," ती सासूला म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"आं? आत्ताच न्हालीस न्हवं तू?"

"व्हय, पण परत आलंय."

"मग ऊठ तितनं. परातीला हात लावू नगं आता. मी थापते ऱ्हायलेल्या."

एवढ्यावर विषय मिटला. रक्त म्हणजे पाळी आणि पाळी म्हणजे पडवी. याच्या पलीकडं रक्ताला आणखी काही कारण असतं, हे त्या घरात कुणाच्या मनातच आलं नाही. रेश्माच्याही नाही. मला तर बोलताच येत नव्हतं.

मग ते वरचेवर व्हायला लागलं. पडवीतून न्हाऊन आत गेलेली रेश्मा पुन्हा गोधडी घेऊन बाहेर यायची. शेजारी कोंडिबाची बायको राहायची, तिला रेश्मा काकी म्हणायची. काकी म्हशी सोडताना पडवीकडं बघून हसायची.

"काय गं, परत सुट्टी? आमाला न्हाई बाई घावत अशी सुट्टी."

"या की काकी, तुमी बसा हितं. मी नेते तुमच्या म्हशी."

"नगं बाई. माझ्या म्हशी आटतील."

दोघी हसायच्या. पण काकी गेल्यावर रेश्माचं हसू लगेच बंद व्हायचं, ते मला देठाला समजायचं.

पडवीत तिला एकच गोष्ट जड जायची, ती म्हणजे आरोही. लेकरू तीन वर्षांचं. आई समोर दिसतीय आणि जवळ जायचं नाही. पण त्यावरही तिकडं एक तोड आहे. विटाळ कापडाला लागतो, लेकराच्या कातडीला लागत नाही, असं जुन्या बायका म्हणतात. त्यामुळं लहान पोराच्या अंगावरचे कपडे काढले की ते खुशाल आईकडं जाऊ शकतं. आरोहीनं हे बरोबर ध्यानात ठेवलं होतं. ती दारातच फ्रॉक ओढून काढायची, चड्डी भिरकावायची आणि ओरडायची, "आजे, मी उघडी झाले! आता शिवू?"

"शिव, शिव भवाने," आतून सगुणाबाई म्हणायची.

मग ती धावत यायची आणि रेश्माच्या मांडीवर आडवी पडायची. तिचं उघडं पोट रेश्माच्या पोटाला टेकलं की त्याची ऊब आत माझ्यापर्यंत पोचायची. आयुष्यात मला कुणाची ऊब मिळाली असेल तर ती तेवढीच. माझ्यामुळं ती आई पडवीत होती आणि तिची लेक मला न कळत ऊब देत होती. मला कसं वाटायचं ते मी सांगू शकत नाही.

पुढं थंडी पडली. आमच्याकडं मुळशीच्या धरणावरचं वारं येतं, ते हाडात शिरतं. आरोहीला खोकला झाला. छातीत घरघर वाजायला लागली. सगुणाबाई म्हणाली, "आता थंडी सरूस्तवर पोरीला उघडीबिघडी करायची न्हाई. तू बसलीस की तिला लांबच ऱ्हाऊ दे."

बोलली ते लेकराच्या भल्याचंच. पण त्या दिवसापासून पडवी म्हणजे नुसती पडवी राहिली.

म्हणून पुढच्या खेपेला मला रक्त आलं तेव्हा रेश्मानं ते लपवलं. कुणाला काही सांगितलं नाही. स्वयंपाक केला, देवापुढं दिवा लावला, आरोहीला कुशीत घेऊन झोपली. दुसऱ्या दिवशी आरोहीला ताप भरला. अंग नुसतं इस्तव. रेश्माचं काळीज असं उडत होतं की मला वाटलं माझा देठ आता तुटतोय. तापाला खोकलाच कारण होता, तो आधीपासून होताच. पण तिच्या डोक्यात एकच, देवी कोपली.

ती सासूच्या पायाशी बसली. "आत्या, मी लपवलं. मी बाहेरची हाय. अशीच देवापशी गेले."

सगुणाबाई ओरडली नाही. ती म्हणाली, "वाघजाईला नारळ फोड. आणि परत असं करू नगंस, लेकराच्या जिवावर येतं."

अमोल आरोहीला पिरंगुटच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. औषध दिलं. नारळही फुटला. ताप उतरला. औषधानं उतरला का नारळानं, हे रेश्माला कुणी विचारलं असतं तर तिनं नारळानं असंच सांगितलं असतं. तेव्हापासून ती भ्याली. रक्त थांबलं तरी पडवीतून उठेना. थेंब दिसला नाही तरी वाटलं म्हणून जाऊन बसायची. सणाला नाही, हळदीकुंकवाला नाही, शेजारच्या बारशाला नाही. बाकीच्या घराला ते रोजचंच झालं होतं. माणसाला एखाद्या जागी सारखं बघितलं की ते तिथलंच वाटायला लागतं, हे मी माणसांत पाहिलं.

अमोलही तसा वाईट नाही. पण शिफ्ट सुटून आला आणि रेश्मा पडवीत दिसली की म्हणायचा, "परत?" आणि आत जाऊन झोपायचा. एका शब्दाच्या पुढं त्यानं कधी विचारलं नाही. तिनंही त्या शब्दाला कधी उत्तर दिलं नाही.

एकदा काकी पडवीशी बसली होती. त्या दिवशी तिनं चेष्टा केली नाही. आवाज बारीक करून म्हणाली, "रेश्मा, ही पाळी न्हवं गं. नरहरीच्या बायकोला असंच मधीमधी जायचं. शेवटाला क्यान्सर निघाला. दिवाळीला व्हती, संक्रांतीला न्हाई."

काकी आणखी जवळ सरकली.

"माझं ऐक, पिशवी काढून टाक. आमी तिघी जावांनी काढली. झाली न्हवं एक पोर? आता काय करायचीय ठेवून?"

"लई दुखतं का वो काकी, काढल्यावर?"

"कंबर जाती बघ. तरुणपणी काढली की बाई लवकर म्हातारी होती. पण जीव तर ऱ्हातो."

काकी गेली. रेश्मा तशीच बसून राहिली. आणि मीही. कारण तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता. कॅन्सर. मला वाटलं, मीच तो असेन. मी कोण आहे ते मला तरी कुठं माहीत होतं? मी जिच्या रक्तावर जगतोय तिलाच मी खाणार असेन तर? देठावरून गळून पडावं असं मला वाटे. पण कोंबाला आपल्या मनानं गळता येत नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात गेलं की पिशवी काढतील, नाही गेलं की जीव जाईल, आणि दोन्हींत आरोहीचं काय होईल, एवढंच तिच्या डोक्यात फिरायचं. तिला पिशवी हवी होती. आरोहीला पाठचं भावंड हवं असं तिचं मन होतं. पण त्याहून जास्त तिला जगायचं होतं. आणि आपण जगणार नाही असं तिनं मनाशी धरूनच टाकलं.

मग ती लेकराला शिकवायला लागली. पडवीत स्वतः एका टोकाला बसायची आणि आरोहीला दुसऱ्या टोकाला बसवायची. बटणं आपल्या हातानं कशी लावायची, भात कालवून आपला आपण कसा खायचा, वेणी घालून घेताना हलायचं कसं नाही. आणि शेवटी, बडबडगीत म्हणून घ्यावं तसं विचारायची.

"आई नसली तर कुणाकडं निजायचं?"

"आज्जीकडं."

"रडायचं का?"

"न्हाई."

"शहाणी माझी ती."

आरोहीला तो खेळ वाटायचा. ती टाळ्या वाजवून उत्तरं द्यायची. हळूहळू ती खरंच आजीपाशी झोपायला लागली. पडवीकडं धावायची ती चालत यायला लागली, आणि मग कधी यायची, कधी यायची नाही. रेश्माला जे हवं होतं तेच होत होतं. आणि त्यानंच ती आतून वाळत चालली होती. तिच्या पोटाला ते उघडं पोट लागून किती काळ लोटला होता. आत मीही गारच होतो.

एका दुपारी तिला राहवलं नाही. ऊन चांगलं होतं. आरोही अंगणात मातीची भांडी मांडून खेळत होती. रेश्मानं हळूच हाक मारली, "आरू, ये. फ्रॉक काढ आणि पटकन ये माझ्याकडं. आज्जी बघत न्हाई."

आरोही उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "नगं. तू बाहेरची हायेस."

"असू दे. ये ना थोडा वेळ."

"नगं. आई नसली की आज्जीकडं निजायचं. रडायचं न्हाई." आणि टाळ्या वाजवून तिनं आपली भांडी परत मांडायला घेतली.

आत सगुणाबाई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

सगुणाबाई दारात आली. "काय म्हणाली गं ही? कुणी शिकवलं हिला हे?"

"आईनं," आरोही म्हणाली. "मला सगळं येतं. बटणंबी येत्यात."

सगुणाबाई सरळ पडवीत आली आणि रेश्माच्या गोधडीवर बसली. रेश्मा अंग चोरून मागं सरकली. "आत्या, शिवताय तुमी मला."

"शिवू दे. देवीचं मी बघून घीन. आधी सांग, कुटं निघालीयास तू लेकराला टाकून?"

रेश्माच्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं. काकीचं बोलणं, नरहरीची बायको, मधेच येणारं रक्त, पिशवी. रडत रडत ती म्हणाली, "मला मरायचं न्हाई वो आत्या."

"दुखतंय का?"

"न्हाई. नुसतं जातंय."

सगुणाबाई म्हणाली, "गाईनं दूध कमी दिलं तरी मी तिच्या कासंला हात लावून बघते. आणि तू एवढ्या डाव हितं येऊन बसलीस तर मी ताट सरकवून आत गेले." तिनं रेश्माच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ. लुगडं बदलते मी. पौडला बाई डाक्टर हाय."

पौडच्या दवाखान्यात रेश्माला टेबलावर झोपवलं. सगुणाबाई डोक्याशी उभी होती, नको म्हटलं तरी बाहेर गेली नाही. मग काहीतरी गार लोखंडी आत आलं, वाट रुंद झाली आणि उजेड पडला. जन्मल्यापासून मी पहिल्यांदा उजेडात होतो. मला तो झोंबला. आणि पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं बघून बोललं.

"हा बघा, हा आहे इथं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पॉलिप आहे. मांसाचा कोंब म्हणा. ह्याच्यातूनच रक्त येतंय. पाळीचा आणि ह्या रक्ताचा काही संबंध नाही."

"म्हंजी ती इटाळशी नव्हतीच?" सगुणाबाई म्हणाली.

"जखम झालेल्या बोटाला विटाळ असतो का आजी? तसंच हे."



"क्यान्सर हाय का वो?" रेश्मानं विचारलं.

"बहुतेक वेळा असले कोंब साधेच असतात. पण नुसतं बघून मी शब्द देणार नाही. काढून तपासायला पाठवू. ते सांगतील तेच खरं."

"मग पिशवीच काढून टाका की एकदाची," सगुणाबाई म्हणाली. "सगळ्या तेच करत्यात."

"आजी, दाराला जळमट लागलं म्हणून घर पाडता का?"

तेवढ्यात रेश्मा, जिचा आवाज त्या घरात कुणी धड ऐकला नव्हता, ती टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "पिशवी न्हाई काढायची. मला पायजे ती. कोंब काढा."

सोनोग्राफीही झाली. आत आणखी कुणी आहे का ते बघायला. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघून म्हणाल्या, "नाही, एकटाच आहे."

ते मला आधीपासून ठाऊक होतं.

माझं निघणं फार लवकर झालं. चिमट्यानं मला धरलं, देठाला पीळ दिला, गोल, गोल, आणि मी सुटलो. रेश्मा एकदा "आई गं" म्हणाली तेवढंच. मी एका लहान बाटलीत पडलो. पाणी होतं, पण पाणी नव्हतं, डोळ्यांना झोंबेल असा वास त्याला. बाहेरून झाकण लागलं. पहिल्यांदाच मला रेश्माचं काळीज ऐकू येईना. एवढा शांतपणा मी कधी ऐकला नव्हता. बाहेरच्या माणसांचं बोलणं मात्र, कसं कोण जाणे, बाटलीतही पोचत राहिलं.

बाटली पेशंटच्याच माणसांकडं देतात. कोथरूडच्या लॅबमध्ये तुम्हीच नेऊन पोचवा म्हणाले. अमोलनं सुट्टी टाकली. रेश्मानं मला डब्याच्या पिशवीत घातलं, पिशवी मांडीवर धरली आणि दोघं मोटरसायकलवर निघाले. पिरंगुटचा घाट चढताना अमोल म्हणाला, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी 'परत?' म्हणायचा आणि आत जायचा."

अमोलनं गाडीचा वेग कमी केला.

"आता इचारतो," तो म्हणाला. "भ्या वाटतंय का?"

"लई."

"मलाबी."

भूगावला चहाला थांबले. अमोल चहा आणायला गेला तेव्हा रेश्मानं बाटली बाहेर काढली आणि उन्हाला धरली. इतका काळ मी तिच्या आत होतो आणि आज पहिल्यांदा आम्ही समोरासमोर आलो. मी फिका पडलो होतो, पांढरट. तिनं बाटली डोळ्यांजवळ नेली.

"एवढासा तू," ती म्हणाली. "काय हायेस रं तू? खरं सांग मला."

मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं. बाटली फोडून सांगितलं असतं. पण मीही तिच्याएवढाच घाबरलेला होतो.

अमोल चहा घेऊन आला. बाटलीकडं बघून म्हणाला, "एवढ्याशानं एवढा छळ मांडला व्हय?" मग चहाचा ग्लास तिच्या हातात देताना त्यानं बाटली आपल्या हातात घेतली आणि ती चहा पिईपर्यंत तशीच जपून धरून उभा राहिला.

लॅबच्या खिडकीत त्यांनी मला दिलं. चिठ्ठी लावली. रेश्मा थोडं पुढं गेली आणि वळून एकदा बघितलं. मग गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, नाजूक माणसांनी ऐकू नये. मला कापलं, मेणात बसवलं, त्या मेणाचे कागदाहून पातळ काप काढले आणि काचेवर चिकटवून रंग दिला. दुखलं नाही. दुखायला आता काही उरलं नव्हतं. मग एका डॉक्टरनं मायक्रोस्कोपला डोळा लावून माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं, कोपरा न् कोपरा. आईनंसुद्धा लेकराकडं इतकं निरखून बघितलं नसेल. मी वाट बघत होतो.

"साधा आहे," तो शेजारच्याला म्हणाला. "पुढची काच दे."

साधा! मी कुणाला खाणारा नव्हतो. मी रेश्माच्या जिवावर उठलेला नव्हतो. मी नुसता उगवलो होतो. लोकांना मोठं व्हायचं असतं, नाव कमवायचं असतं. मला कुणी साधा म्हटलं आणि माझ्या जन्माचं सोनं झालं. पण माझ्याभोवती हे सांगायला कुणी नव्हतं. मला कळलं होतं आणि तिकडं माल्यात रेश्मा अजून जीव मुठीत धरून बसली होती. त्या मधल्या दिवसांइतकं एकटेपण मला तिच्या अंगात असताना कधी आलं नव्हतं.

रिपोर्ट न्यायला ती आणि अमोल आले तेव्हा मी खिडकीमागच्या खोलीत होतो. आवाज मी लगेच ओळखला.

"ताई, हे इंग्रजीत हाय. काय लिवलंय सांगा ना."

"तुमच्या मॅडमना दाखवा. त्या सांगतील."

"दाखवते की. पण पौडला पोचूस्तवर माझ्या जिवानं काय करायचं?"

खिडकीतल्या मुलीनं आत येऊन डॉक्टरला सांगितलं. तो उठून बाहेर गेला. "कॅन्सर नाहीये, ताई. साधा कोंब होता, निघाला. तरी रिपोर्ट मॅडमना दाखवा, आणि परत रक्त दिसलं तर घरी बसू नका."

मग अमोलचा आवाज, "अगं, रडतीस काय, हस की," आणि तो स्वतःच नाक ओढत होता. त्यानं घरी फोन लावला. पलीकडून सगुणाबाई इतक्या मोठ्यानं बोलत होती की आत मलाही ऐकू आलं. "काय? काय म्हणले? नीट सांग रं मेल्या!" मग फोन आरोहीकडं गेला.

"आरू," रेश्मा म्हणाली, "आज माझ्यापशी निजायचं बरं का."

"आज्जीकडं न्हाई?"

"न्हाई. माझ्यापशी. रोज."

जाता जाता ती परत खिडकीशी आली. "ताई, ते... जे काढलं ते हितंच ऱ्हातं का? का टाकून देता?"

"मेणात ठेवतो काही वर्षं. लागलं तर परत बघता येतं."

"बरं," रेश्मा म्हणाली. "असू दे मग." थोडी थांबली आणि गेली. माझ्याबद्दल कुणी विचारपूस केली ती एवढीच.

आता मी एका ड्रॉवरमध्ये आहे. मेणाच्या वडीत. शेजारीपाजारी पुष्कळ वड्या आहेत, प्रत्येकीत कुणाचं ना कुणाचं काहीतरी. पण मेणातून एकमेकांशी बोलता येत नाही. त्यातले सगळेच माझ्यासारखे साधे नाहीत, हे मला समजलंय. काही वड्यांजवळून डॉक्टर जाताना बोलणं थांबवतो.

बायांनो, तुम्हाला एवढंच सांगायचंय. पाळीशिवाय रक्त दिसलं तर ते लपवू नका आणि त्याच्यासाठी कुठं बाजूला जाऊनही बसू नका. दवाखान्यात जाऊन दाखवा. आणि सासवांनो, नवऱ्यांनो, एखादी बाई सारखी गप्प बसायला लागली तर एका शब्दाच्या पुढं विचारा. आत जो कुणी असतो, साधा असो की वाईट, त्याला तोंड नसतं. रक्त हीच त्याची हाक. मी पुष्कळ हाका मारल्या. उशिरा का होईना, एका म्हातारीनं ऐकल्या आणि रेश्मा वाचली, तिची पिशवी वाचली.

माझ्यात आता रक्त उरलेलं नाही. यापुढं मला कुणाला हाक मारता येणार नाही. म्हणून हे एकदाच बोलून घेतलं.